छापखान्याची शेवटची ओळ

‘प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३’ हा १ मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीसंबंधीचा १८६७ चा कायदा त्याबरोबर रद्द झाला. नियतकालिकांच्या नोंदणीची रीत सुलभ झाली, खेटे वाचले, किरकोळ कसुरीसाठी तुरुंगवासाची भीती उरली नाही, अशा शब्दांत या बदलाचे स्वागत झाले. आणि ते स्वागत अस्थानी होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु जुना कायदा नियतकालिकांपुरता नव्हता. छापखाना बाळगणाऱ्याने दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करावे, आणि छापलेल्या पुस्तकावर वा कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण स्पष्ट वाचता येईल असे असावे, या त्याच्या दोन मुख्य अटी होत्या. सत्तावनच्या उठावानंतर अवघ्या दहा वर्षांनी केलेल्या या कायद्यामागे राज्यकर्त्यांचा हेतू पाळतीचा होता, हे उघड आहे. तथापि पाळतीसाठी लावलेल्या या अटीतून एक वेगळीच गोष्ट रुजली. पुस्तकाच्या वा पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत येणारी ती शेवटची ओळ छापखान्याच्या प्रतिष्ठेची खूण बनली. नव्या कायद्याच्या कक्षेत पुस्तके येत नाहीत, आणि नियतकालिक छापणाऱ्याने आता प्रतिज्ञापन न करता केवळ सूचना द्यावयाची आहे.

हा बदल ज्यांच्या धंद्याला स्पर्श करतो त्यांत मोठ्या वृत्तपत्रांच्या यंत्रशाळा थोड्या. बहुसंख्य छापखाने तालुक्याच्या गावी, घराच्या पुढल्या खोलीत किंवा बाजारातील एका गाळ्यात चालणारे, आणि बापाकडून मुलाकडे आलेले असतात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके घ्या. कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावातील एखाद्या शिक्षकाला आपला कवितासंग्रह छापून घ्यावयाचा असेल, तर तो लोकलने मुंबईला जाईल वा घाट चढून पुणे गाठील. पण लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका, भातगिरणीची पावतीपुस्तके, जत्रेचे हस्तपत्रक, उत्तरकार्याची पत्रे ही कामे गावापाशीच व्हावी लागतात. कारण ती उद्या हवी असतात आणि त्यांतील चूक आज संध्याकाळी समक्ष दाखवावयाची असते. धंद्याच्या भाषेत यास जॉबकाम म्हणतात. मुद्रणाचा इतिहास लिहिणारे ग्रंथांकडे पाहतात, जॉबकामाकडे क्वचित. छापखानदाराचे घर मात्र जॉबकामावरच चालते.

अशा घरांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे सोसले, ते दुसऱ्या कोणत्या छोट्या धंद्याच्या वाट्याला आले असेल की नाही, शंकाच आहे. एके काळी छापखाना म्हणजे शिशाचे खिळे, लाकडी केसी आणि पायाने मारावयाचे ट्रेडल. देवनागरीची केस इंग्रजीसारखी आटोपशीर नसते. काने, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचे निरनिराळे खिळे धरले तर संख्या काही शेकड्यांवर जाते, आणि त्यांतील प्रत्येकाचे घर जुळाऱ्याच्या हाताला न पाहता सापडावे लागते. वर्षानुवर्षे कमावलेले हे कसब संगणकावरील अक्षरजुळणी गावोगाव पोहोचली तेव्हा, म्हणजे साधारणतः १९९० नंतर, पाहता पाहता निरुपयोगी झाले. खिळे भंगाराच्या भावाने वजनावर गेले. (संगणकानेही दिलेला शब्द पुरता पाळला नाही. त्या काळातील खासगी प्रणालींत जुळवलेले मराठी आज युनिकोडमध्ये आणताना अक्षरांची दाणादाण उडते, आणि जुनी फाइल असूनही मजकूर पुन्हा टंकावा लागतो.) मग ऑफसेट आले, पत्रिकांसाठी स्क्रीन प्रिंटिंग आले, नव्या शतकात फ्लेक्स आला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर दुकानदारांची बिले संगणकातून निघू लागली व बिलबुकांचे काम ओसरले. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने पन्नास माणसांत उरकली, निमंत्रणे मोबाइलवरून गेली, आणि पुष्कळ घरांत ती कागदावर परतलीच नाहीत.

इतके होऊनही जे टिकले ते का टिकले? ‘काळाबरोबर नवी यंत्रे घेतली म्हणून’ हे नेहमीचे उत्तर आहे. ते मला अपुरे वाटते. यंत्र काय, ज्याच्यापाशी कर्ज काढण्याची ऐपत आहे त्या कोणालाही मिळते. आणि नवी यंत्रे घेऊन बुडालेले छापखाने थोडे नाहीत. घराणी यंत्रावर टिकत नाहीत. छापलेल्या अक्षराची जबाबदारी कोणा एका माणसावर आहे, आणि तो माणूस कुठे भेटेल हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे, यावर ती टिकतात. मराठी मुद्रणाच्या मोठ्या घरांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते.

जावजी दादाजी चौधरी यांनी पोरवयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्यापासून सुरुवात केली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा अक्षरओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देवनागरी अक्षरांनी या घराला रूप दिले. पण निर्णयसागराचा दबदबा केवळ अक्षरांच्या वळणाचा नव्हता. १८८६ पासून निघालेली ‘काव्यमाला’ आणि इतर शेकडो संस्कृत ग्रंथ यांच्या संपादनासाठी व शुद्धीसाठी या छापखान्याने काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेवशास्त्री पणशीकर यांच्यासारखे विद्वान पदरी बाळगले. काशीपासून कुंभकोणपर्यंतचा शास्त्री निर्णयसागरची प्रत मागत असे, ती पाठ शुद्ध असतो म्हणून. या घराचा वंशवृक्ष शोधावयास दफ्तरे चाळण्याची गरज नाही. जुन्या प्रतींच्या मुखपृष्ठांवर तो छापलेला आहे. आधी जावजी दादाजी, मग तुकाराम जावजी, पुढे पांडुरंग जावजी, आणि चाळिशीच्या दशकात तेथे नाव येते ते सत्यभामाबाई पांडुरंग यांचे. हा छापखाना आज नाही. खिळ्यांचे युगच संपत आले तेव्हा खिळे ओतणाऱ्याच्या हाती काय राहणार? पण त्याच्या प्रतींचे छायामुद्रण करून आजही प्रकाशक विकतात.

कर्जतहून गाडीने बोरघाट चढला की लोणावळ्याच्या पुढे मळवली लागते. तेथे दुसरे एक उदाहरण आहे, आणि ते काहीसे उलट्या बाजूचे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये गिरगावात शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो मळवलीस हलला. लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर गेली, तरी चित्रकाराला व त्याच्या बंधूंना छापखान्याचा आर्थिक भार पेलला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो विकत घेतला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने, ज्याचे हात त्या शिळांवर चालत होते त्यानेच. त्याने देवादिकांची चित्रे सोडली नाहीत, पण जोडीला आगपेट्यांच्या चिठ्ठ्या आणि मालावरची लेबले छापली. थोर चित्रकाराच्या नावाने चालणारा उद्योग दशकानुदशके जगला तो लेबलांच्या जॉबकामावर, आणि काम स्वतः जाणणाऱ्या मालकामुळे. १९७२ मधील आगीने त्याचा शेवट केला.

मौज प्रिंटिंग ब्यूरो चालवणाऱ्या भागवत बंधूंची गोष्ट मराठी वाचकांना सांगावयास नको. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. लेखनाच्या संपादनाविषयी आणि मुद्रिताच्या निर्दोषतेविषयी त्या घराने मिळवलेली पत मात्र मासिकाबरोबर संपली नाही. सोलापूरच्या दाते घराण्याचे पंचांग शंभर वर्षे ओलांडून चालू आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये काढलेले ‘कालनिर्णय’ पुढच्या पिढीच्या हाती आले आहे. या दोन उदाहरणांत एक गंमत आहे. माल असा की तो दर वर्षी जुना व्हावा आणि गिऱ्हाइकाने पुन्हा यावे. पण तो पुन्हा येतो ते गेल्या वर्षी तिथी चुकली नव्हती म्हणून. एकादशी एक दिवस पुढे-मागे छापली गेली, तर घरातील म्हातारी माणसे वर्षभर त्या घराण्याचे नाव घेऊन बोलतील. नाव घेऊन दोष देता येणे हीच अशा घराण्यांची खरी पुंजी आहे.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. घराण्यांचे गोडवे गाताना त्यांचा हिशेब अर्धाच मांडला जातो. तालुक्याचा छापखाना स्वस्तात काम देतो, याचे एक कारण असे की फर्मे दुमडणे, पाने जुळवणे, पत्रिकांना गोंडे लावणे, पाकिटे चिकटवणे हे काम लगीनसराईत घरच्या स्त्रिया व शाळकरी मुले रात्री बसून करतात आणि त्याची मजुरी कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. सत्यभामाबाईंचे नाव मुखपृष्ठावर आले. बहुतेकींचे येत नाही. बाहेरच्या नोकराला किमान वेतन आणि घरच्या माणसाला काहीच नाही, या पायावर उभा असलेला टिकाऊपणा कौतुकाचा विषय नव्हे. शिकलेली मुले या धंद्यात राहू इच्छीत नाहीत, त्यामागे मोबाइलपेक्षा ही न लिहिलेली मजुरी अधिक असावी, असा माझा कयास आहे.

आजचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे. छपाईचे काम कमी झाले एवढेच नाही, तर ते तुकड्यांत विभागले गेले. नमुना एका शहरातील कोणी तयार करतो, मजकूर गिऱ्हाईक स्वतः मोबाइलवर टंकते, छपाई भलतीकडे होते आणि गठ्ठा पार्सलने येतो. ‘विनित’ की ‘विनीत’, ‘आशिर्वाद’ की ‘आशीर्वाद’, हे सांगणारा माणूस त्या साखळीत कुठेच बसलेला नाही. पत्रिकेतील वेलांटी चुकली तर फार बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. पतसंस्थेच्या ताळेबंदातील शून्य किंवा प्रश्नपत्रिकेतील आकडा चुकला तर बिघडते. प्रश्नपत्रिकेला शिवाय गुप्तता लागते. मुख्याध्यापक ती ज्याच्या हाती सोपवतात त्याची दोन पिढ्यांची ओळख हाच तिचा पहारा असतो. तो पहारा दरपत्रकातील सर्वांत खालच्या दराने विकत मिळत नाही.

कायद्याला हे एका ठिकाणी अजून समजते. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९६१ साली घातलेले कलम १२७अ सांगते की निवडणुकीच्या पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत. छापवून घेणाऱ्याने आपल्या ओळखीविषयी सही केलेले, आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापन दोन प्रतींत मुद्रकाला द्यावयाचे; मुद्रकाने त्यातील एक प्रत छापील पत्रकासह अधिकाऱ्यांकडे पाठवावयाची. कसूर झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हाताने केलेली नक्कल सोडून प्रती वाढवण्याची कोणतीही प्रक्रिया या कलमाच्या दृष्टीने मुद्रणच ठरते. २०२४ साली कर्जतच्या मतदारांनी दोनदा मतदान केले, १३ मे रोजी मावळ लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. दोन्ही वेळी छोट्यातल्या छोट्या छापखानदारालाही ही कागदपत्रे सांभाळावी लागली. पत्रक कोणी छापले हे विचारण्याचा मतदाराला जो हक्क आहे, तो पालकाला, सभासदाला व ग्रंथाच्या वाचकाला का नसावा?

दंडाधिकाऱ्यासमोरचे प्रतिज्ञापन परत आणावे असे मी म्हणत नाही; ते गेले ते बरेच झाले. परंतु नाव छापण्याची रीत कायद्याने सोडली म्हणून संस्थांनी सोडण्याचे कारण नाही. अहवाल, स्मरणिका, शालेय नियतकालिके यांवर मुद्रकाचे नाव व गाव असावे, अशी अट पतसंस्था, शाळा व नगरपरिषदा आपल्या कामाच्या आदेशात सहज घालू शकतील. दरपत्रके मागवताना कागद, छपाई व बांधणी यांचे दर वेगळे विचारले जातात, तसा मुद्रितशोधनाचाही दर वेगळा विचारता येईल. दूरच्या स्वस्त छापखान्याला तो रकाना कोरा ठेवावा लागेल किंवा माणूस नेमावा लागेल. गावातल्या छापखान्यात ते काम आज म्हातारा बाप फुकट करतो. त्याला, आणि पाने जुळवणाऱ्या घरच्या बाईला, त्या रकान्यातून काही रक्कम मिळू लागेल. येत्या वार्षिक परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांची दरपत्रके निघतील, तेव्हापासून हे करता येण्याजोगे आहे. त्यासाठी मंत्रालयातून परिपत्रक येण्याची वाट पाहावी लागत नाही.