झाडू कुठे थांबवायचा?

दोस्तांनो, आधी एक कोडं घाला पाहू घरातल्यांना. असा कोणता मामा, की ज्याच्या पोटात मासे, अंगावर कमळं आणि ज्याच्या जिवावर शेजारपाजारची धानाची शेती?

पुण्या-मुंबईची मुलं डोकं खाजवतील. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची मुलं झटकन हात वर करतील आणि ओरडतील, "मामा तलाव!" अगदी बरोबर. खरं नाव 'माजी मालगुजारी तलाव'. कागदावर लिहिताना दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं तेवढी घेतली आणि तलावाचा झाला मामा!

आता नकाशा काढा. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, वैनगंगेजवळ, वडसा सापडेल. देसाईगंज हे त्याचंच दुसरं नाव. कित्येक वर्षं सबंध गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी यायची ती फक्त इथं. झाडीपट्टीच्या नाटकांचंही हेच माहेरघर. दिवाळी झाली की इथल्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि लोक रात्र रात्र जागून नाटक बघतात. या मुलखात एकीकडे धानाच्या बांध्या, दुसरीकडे जंगल आणि मधेमधे तलाव नि बोड्या. वडशाहून गोंदियाच्या गाडीत बसलात, की वाटेत अर्जुनी लागतं. तेच गोंदिया जिल्ह्यातलं अर्जुनी-मोरगाव. आज आपल्याला तिथल्या तलावावर जायचं आहे. पण त्याआधी थोडं झाडूविषयी बोलू.

दोन स्पर्धा

गाव स्वच्छ ठेवायचं म्हटलं, की आपल्याला गाडगेबाबा आठवतात. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. गावात पाऊल टाकलं की आधी हातात झाडू, आणि गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये महाराष्ट्रात 'संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान' सुरू झालं. गावागावांत चढाओढ लागली. रस्ते झाडले गेले, गटारं साफ झाली, उकिरडे हलले, भिंती रंगल्या.

अशीच एक स्पर्धा दूर आयर्लंड नावाच्या देशात आहे. ती सुरू झाली १९५८ मध्ये. तिचं नाव 'टायडी टाउन्स', म्हणजे 'नीटनेटकी गावं'. पहिल्या वर्षी फक्त ५२ गावांनी नावं दिली होती आणि पहिला नंबर आला डोनेगल भागातल्या ग्लेंटीज या गावाचा. तिथं काम कोण करतं? गावकरीच! कामधंदा सांभाळून जमतात, कचरा उचलतात, फुलझाडं लावतात.

पण गंमत पुढेच आहे. आता या स्पर्धेत गाव चकाचक असून भागत नाही. गावात निसर्ग किती जपलाय, यालाही गुण असतात. तिकडे शेतांच्या कडेला झुडपांची कुंपणं असतात. पाखरं त्यात घरटी करतात. म्हणून १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात ती छाटायला कायद्यानेच बंदी आहे. कुंपणं वेडीवाकडी वाढलेली दिसली, तरी हात लावायचा नाही! काही गावांत गवताचे काही तुकडे मुद्दाम न कापता ठेवतात, कारण त्यातल्या रानफुलांवर मधमाश्या येतात. एखाद्या परक्या माणसाला वाटेल, काय आळशी लोक आहेत हे. पण तो आळस नव्हे. झाडू कुठे थांबवायचा, हे त्यांनी ठरवून घेतलेलं असतं.

आता चला अर्जुनी-मोरगावला.

मामा आजारी पडतो

पूर्व विदर्भातले हे तलाव फार जुने. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. उतारावरचं पाणी कुठे अडेल हे नेमकं हेरून त्यांनी मातीच्या पाळी घातल्या. ना सिमेंट, ना यंत्रं! तरीही यांतले बरेच तलाव आजही पाणी धरतात. असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव या भागात नोंदलेले आहेत.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. हळूहळू त्यांची देखभाल सुटली. गाळ साचला. त्यातच एक पाहुणी वनस्पती काठावर येऊन बसली. नाव ऐकून हसाल, बेशरम! मूळची ही दक्षिण अमेरिकेकडची. फुलं दिसायला छान, जांभळट गुलाबी. पण पानं जनावरांना विषारी. तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली, तरी तिथं नवं झाड उभं! बेशरम माजली की खालच्या देशी वनस्पतींना ना जागा मिळते, ना ऊन.

यात सगळ्यांत जास्त नुकसान कोणाचं झालं? ढिवर समाजाचं. तलावात मासेमारी करूनच यांची चूल पेटते. तलावात कतला, रोहू, मृगळ या मोठ्या माशांचं बीज विकत आणून सोडायची पद्धत पडली होती. पण या माशांना अंडी घालायला नदीचं वाहतं पाणी लागतं. साठलेल्या तलावात ते आपणहून वाढत नाहीत. म्हणजे दर वर्षी पुन्हा बीज विकत घ्या! मरळीसारखे देशी मासे मात्र तलावातच अंडी घालतात, पिलं वाढवतात. फक्त त्यांना पाणवनस्पतींचा आडोसा लागतो. आडोसाच गेला, तर मासे कुठून येणार?

काढलं, आणि लावलंही

भंडाऱ्याच्या 'निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'चे मनीष राजनकर हे तलाव समजून घेत होते. त्यांनी काय केलं असेल? ते ढिवरांकडे शिकायला गेले! अर्जुनी-मोरगावचे पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांना सगळं तोंडपाठ होतं. कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणती वनस्पती खोल पाण्यात, कोणती उथळ पाण्यात वाढते, कोणता पक्षी कशावर बसतो. ही माहिती पुस्तकात नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभं राहून ती गोळा झाली होती.

मग सगळ्यांनी मिळून काम सुरू केलं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी आटलं, की बेशरम मुळासकट उपटायची. घट्ट झालेली जमीन नांगरून मोकळी करायची. आणि पाऊस पडून पाणी साचू लागलं, की देशी वनस्पती आणून लावायच्या. काही पाण्याखाली वाढणाऱ्या, काही कमळासारख्या पानं तरंगवणाऱ्या, काही काठावरच्या. देवधान नावाचा रानातला भातही त्यात आला. आपण बागेत रोपं लावतो ना, तशी यांनी तलावात बाग लावली! गावोगावच्या ढिवर बायकाही या कामात पुढे आल्या. चिखलात उतरून त्यांनी रोपं लावली आणि ग्रामसभेत उभं राहून तलावाविषयी बोलायला लागल्या.

हळूहळू देशी मासे वाढले. पक्षीही परत आले. बरं का, कमळपक्षी तर तरंगणाऱ्या पानांवरच घरटं करतो. आणि अंडी कोण उबवतं? बाबा! आई नव्हे. नुसतीच साफसफाई करून तलाव ताटासारखा चकचकीत ठेवला असता, तर या बाबाने अंडी कुठे ठेवली असती, सांगा बरं?

दुसरं उदाहरण सारसाचं. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगातला सगळ्यांत उंच पक्षी. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलाय. उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत गवताचा मोठा ढीग रचून तो घरटं करतो. लांबून पाहिलं तर वाटेल, कोणीतरी कचरा टाकलाय! पण त्याच ढिगावर बहुधा दोन अंडी असतात. गोंदियाच्या 'सेवा' या संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी मिळून या घरट्यांवर लक्ष ठेवतात. घरट्यापायी थोडं धान तुडवलं गेलं तरी चालवून घेणारे शेतकरी इथं आहेत. घरचं पीक सोडायचं ही साधी गोष्ट नाही हं!

जिथं झाडू थांबवायचा नाही

आता तुम्ही म्हणाल, "मग काय, सगळंच वाढू द्यायचं?" मुळीच नाही! वडशाच्या मुलांना हे सांगायची गरज नाही. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडशाच्या जंगलात वनखात्याने 'सीटी-१' या वाघाला बेशुद्ध करून पकडलं. त्याच्या हल्ल्यांत गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसं गेली होती. ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांना "वन्यप्राण्यांशी मैत्री करा" असं कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून हा शब्द जपून वापरायचा. जंगलातल्या जनावराशी मैत्री म्हणजे त्याला जवळ बोलावणं नव्हे. त्याचं घर त्याला, आपलं घर आपल्याला, आणि मध्ये पुरेसं अंतर.

हे अंतर राखायला झाडू फार उपयोगी पडतो. पाहा कसा. उघड्यावर खरकटं, मांसाचे तुकडे टाकले, की मोकाट कुत्री आणि डुकरं जमतात. कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. म्हणजे उकिरडा म्हणजे बिबट्याला धाडलेलं आमंत्रणच! तसंच घराला, अंगणवाडीला, शाळेच्या वाटेला लागून दाट झुडपं असली, की त्यात जनावराला दबा धरता येतो. तिथली झुडपं मोठ्या माणसांनी काढायलाच हवीत. घरोघरी संडास असणं आणि तो वापरणंही इथं जिवाच्या सोयीचं आहे. पहाटे अंधारात रानाकडे जावं लागत नाही.

म्हणजे तेच झुडूप पाखरांच्या कुंपणात ठेवायचं आणि अंगणवाडीच्या भिंतीशी काढायचं. झुडूप तेच, जागा वेगळी, म्हणून निर्णयही वेगळा.

आणखी एक गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची असतात. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ती आग कधीकधी हातची सुटते आणि जंगलच पेटतं. जमिनीवरची घरटी, सरडे, रोपटी, सगळं भाजून जातं. यावर उपाय अगदी साधा. काडी नको, झाडू घ्या! झाडाखालची तेवढी जागा झाडली, पाचोळा बाजूला सारला, की फुलं स्वच्छ मिळतात आणि जंगलही वाचतं.

तुमची तीन पानं

आता तुमची पाळी. चार-पाच मित्र-मैत्रिणी जमवा, गुरुजींना किंवा बाईंना बरोबर घ्या आणि शाळेच्या आवारापासून सुरुवात करा. वहीची तीन पानं करा.

पहिल्या पानावर लिहा: काढायचं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या बाटल्या, नाटक किंवा मंडई झाल्यावर मैदानात उरलेले थर्माकोलचे पेले. हे गोळा करा, पण जाळू नका. त्या धुराने खोकला होतो आणि विषारी वायू नाकात जातात. काचा मोठ्यांना उचलू द्या.

दुसऱ्या पानावर लिहा: ठेवायचं. ढोली असलेलं जुनं झाड. त्यात घुबड किंवा पोपट राहत असेल. वाटेपासून दूरचं, फुललेलं रानगवत. आवाराच्या कोपऱ्यातला पाचोळा. त्याचं खत होतं, आणि त्यातले किडे खायला सातभाई येतात.

तिसऱ्या पानावर लिहा: लावायचं. आपल्याच भागातली झाडं. ती कोणती, हे रोपवाटिकेत विचारण्याआधी गावातल्या एखाद्या आजीला विचारा.

एखादी गोष्ट कुठल्या पानावर लिहावी हे कळेना, तर लगेच उपटायला धावू नका. आठ दिवस थांबा. तिथं कोण येतं, कोण बसतं, कोण खातं ते बघा. शेतकऱ्याला विचारा, गुराख्याला विचारा, मासे पकडणाऱ्या काकांना विचारा. तलावावर मात्र मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, आणि अंधारात रानाकडे फिरकायचं नाही. हे दोन नियम पक्के!

आई-बाबांनो, एक विनंती तुम्हालाही आहे. मुलं हा उद्योग करू लागली, की कपडे मळतील, हजार प्रश्न येतील. "आपल्या अंगणातलं हे झुडूप कशाला तोडलं?" असंही विचारतील. तेव्हा रागावू नका. उत्तर येत असेल तर सांगा. नसेल, तर त्यांच्याबरोबर त्या आजीकडे जा.

तर दोस्तांनो, काढायचं पान भरायला एक दिवस पुरतो. ठेवायचं पान भरायला मात्र सगळे ऋतू बघावे लागतात. तुमच्या दुसऱ्या पानावर काय काय आलं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. वाट बघतोय!