प्रशासकांची राजवट आणि पिंजऱ्यातील कोंबडी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने आपल्या हद्दीतील सर्व कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकाने २४ तास बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि राज्यभर गदारोळ उठला. आमदार जितेंद्र आव्हाड यांनी मटणाची मेजवानी देण्याचा इशारा दिला. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशी बंदी योग्य नसल्याचे सांगितले. कोणी काय खावे यात सरकारला रस नाही, हा निर्णय १९८८ पासूनचाच आहे, असा खुलासा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केला. खाटीक समाजाने निषेध नोंदवला. चार दिवसांत वृत्तवाहिन्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या आणि वाद विरला.

या वादात दोन प्रश्न मात्र कोणी विचारले नाहीत. पहिला असा, की हा आदेश काढणाऱ्या संस्थेत त्या वेळी लोकांचा प्रतिनिधी कोण होता? आणि दुसरा, ज्या मुक्या जिवांची दुकाने एक दिवस बंद राहिली, त्यांचे त्यातून काय भले झाले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: कोणीही नाही. कल्याण-डोंबिवलीच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर आधी महामारी, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचे खटले, अशा कारणांनी निवडणुका लांबतच गेल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ती मुदतही वाढवावी लागली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. म्हणजे कल्याण-डोंबिवलीकरांनी पाच वर्षांहून अधिक काळ, एका संपूर्ण सभागृहाच्या आयुष्याएवढा काळ, नगरसेवकांविना काढला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २४३-यू स्पष्ट सांगते, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. घटनेचे शब्द इतके नि:संदिग्ध असताना असे घडावे, याचे आम्हाला अजूनही आश्चर्य वाटते.

गंमत अशी, की ज्या १९८८ च्या ठरावाचा आधार पालिकेने घेतला, तोही प्रशासकांच्याच काळातला. महापालिका स्थापन झाली १९८३ मध्ये, तिची पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. एका प्रशासकाच्या काळातला ठराव सदतीस वर्षांनी दुसऱ्या प्रशासकाच्या काळात अमलात आणला गेला. अधिकाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका घ्यायची नाही. परंतु आयुक्त, स्थायी समिती आणि महासभा ही तिन्ही आसने एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटली, की त्या व्यक्तीला ‘का?’ असे विचारणारे कोणी उरत नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभेची परंपरा उद्बोधक आहे. बिशपपद रिक्त झाले, तर सल्लागार मंडळाने आठ दिवसांच्या आत धर्मप्रांताचा प्रशासक निवडावा, असा कॅनन लॉचा दंडक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ४२८ वे कलम: पद रिक्त असताना कोणताही नवा पायंडा पाडू नये. प्रशासकाने घर सांभाळावे, भिंती पाडू नयेत आणि नव्या उभारूही नयेत. मुंबई महाधर्मप्रांतात, ज्यात ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीची धर्मग्रामेही येतात, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची उत्तराधिकारी आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली आणि २५ जानेवारी २०२५ रोजी कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांच्याकडून धुरा त्यांच्याकडे आली. एक दिवसही आसन रिकामे राहिले नाही. ख्रिस्तसभा ही लोकशाही नव्हे, हे खरे. तथापि ‘मधल्या काळात’ कोणी किती अधिकार वापरावा, याचा विचार तिने शतकानुशतके केला आहे आणि नगरपालिकांच्या कायद्याला त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

आता दुसरा प्रश्न. १५ ऑगस्ट हा धन्य कुमारी मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा महोत्सव. २०२५ मध्ये तो शुक्रवारी आला होता. महोत्सव शुक्रवारी आल्यास मांसवर्ज्याचा नियम लागू होत नाही, असे आमचा धर्मनियम सांगतो. म्हणजे ख्रिस्तसभेने ज्या दिवशी भाविकांना मोकळीक दिली, त्याच दिवशी पालिकेने बंदी घातली! प्रायश्चित्तकाळातील उपवास आम्ही स्वेच्छेने पाळतो, म्हणूनच त्याला मोल आहे. बाहेरून लादलेल्या संयमाला ते येत नाही.

पण केवळ आपल्या ताटाचा विचार करून थांबलो, तर तोही एक प्रकारचा स्वार्थच. एक दिवस दुकान बंद राहिले, म्हणून कोणतीही कोंबडी वाचत नाही. ती आदल्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कापली जाते. तिचे खरे हाल होतात ते त्याआधी. अंडी देणाऱ्या कोंबडीला पिंजऱ्यात मिळणारी जागा बहुधा एका फुलस्केप कागदापेक्षाही कमी असते. तिला पंख पसरता येत नाहीत. असे उघडेबोडके पिंजरे युरोपीय संघाने २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्याविषयी आणि वाहतुकीविषयी नियम सुचवले. मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज डझनभर अंडीही येत नाहीत.

कत्तलखान्यांविषयी २००१ चे नियम मात्र चांगले आहेत. एका जनावरासमोर दुसरे कापू नये. पशुवैद्याच्या प्रमाणपत्राशिवाय कापू नये. गाभण जनावर कापू नये. पशुवैद्याने तासाला बारा आणि दिवसाला ९६ हून अधिक जनावरे तपासू नयेत. हे सारे पाहण्याची जबाबदारी मोठ्या अंशी स्थानिक संस्थेची. पालिकेने वर्षातून एक दिवस दुकाने बंद करण्यापेक्षा उरलेले ३६४ दिवस हे नियम पाळले जातात की नाही, एवढे पाहिले असते, तरी जनावरांचे अधिक कल्याण झाले असते. कुत्र्यांच्या पैदाशीचेही तसेच. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही. आपल्या गृहसंकुलांत हौसेने पिलू आणणाऱ्या किती कुटुंबांनी विक्रेत्याकडे ती नोंदणी मागितली असेल?

दुर्लक्षाची किंमत माणसांनाही मोजावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लूने शंभरएक कोंबड्या दगावल्या आणि रोग पसरू नये म्हणून परिसरातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करावे लागले. दाटीवाटीने कोंबलेल्या पक्ष्यांत रोग वाऱ्यासारखा पसरतो. अशा वेळी सर्वाधिक हानी होते ती कर्ज काढून शेड उभारणाऱ्या लहान शेतकऱ्याची.

प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असे कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ २४१८ व्या परिच्छेदात सांगतो; अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मात्र तो आडकाठी करीत नाही. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, ही जुन्या करारातील आज्ञा याच जातीची आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात हीच शिकवण पुढे नेली.

आता दोन्ही शहरांत सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत: ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक. १९८८ च्या ठरावाचा फेरविचार करायचा की तो कायम ठेवायचा, हे त्यांनी चर्चा करून, नावानिशी मत देऊन ठरवावे. त्याच सभेत पालिकेकडे पशुवैद्य किती आहेत, कत्तलखान्यांची शेवटची तपासणी कधी झाली आणि जिवंत कोंबड्या विकणाऱ्या दुकानांतील पिंजरे कोण तपासतो, हेही विचारले जावे. आपल्या धर्मग्रामातील लघुख्रिस्ती समूहांनी आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हे तीन प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखीच मागावे.