माप कुणाचं घेतलं?

हॉलिवूडच्या सिनेमातली बाई अंतराळात गेली की एक गोष्ट जवळजवळ ठरलेली असते. कधीतरी ती स्पेससूट उतरवणार आणि आत असणार फक्त बनियन आणि आखूड चड्डी. २०१३ च्या ‘ग्रॅव्हिटी’त सँड्रा बुलक अशीच दिसते. १९७९ च्या ‘एलियन’मध्ये सिगर्नी वीव्हर शेवटी अंतर्वस्त्रांवर असते आणि तशीच घाईघाईने सूटमध्ये शिरते. दोन्ही सिनेमे उत्तम, दोन्ही नायिका हिमतीच्या. म्हणून तर हे जास्त खटकतं.

कारण खरा प्रकार वेगळाच आहे. यानाबाहेर काम करायला जाणारी बाई सूटच्या आत अंगभर एक घट्ट कपडा घालते. त्यात सुमारे नव्वद मीटर लांबीच्या बारीक नळ्या गुंफलेल्या असतात आणि त्यातून सतत गार पाणी फिरतं. नाहीतर त्या बंद सूटमध्ये स्वतःच्याच अंगाच्या उष्णतेने ती उकडून निघेल. नासाचा हा पांढरा सूट पाठीवरच्या यंत्रणेसकट पृथ्वीवर तोलला तर सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. सिनेमात तो मिनिटभरात चढवला जातो. प्रत्यक्षात मदतनीस लागतात, आणि बाहेर पडण्याआधी रक्तातला नायट्रोजन कमी व्हावा म्हणून बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो. तयारीतच काही तास जातात.

आमच्या बचत गटाच्या शिवणवर्गात मी एकदा या सूटचं चित्र घेऊन गेले होते. बायकांचा पहिलाच प्रश्न, “ताई, सगळं खरं, पण मध्येच लघवीला जायचं झालं तर?” सगळ्या हसल्या, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. बाहेरचं काम सहा-सात तास चालतं, म्हणून सूटच्या आत मोठ्या माणसांचं डायपर घालतात. पुरुषही घालतात, बायकाही. यात लाजण्यासारखं काय आहे? पण इतक्या सिनेमांत नायिका सूट उतरवते, तिथे हे डायपर कधी दिसत नाही.

दुसरा प्रश्न होता, “हा शिवतो कोण?” याचं उत्तर ऐकून माझ्या मैत्रिणींची मान ताठ झाली. १९६९ साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले तो सूट अमेरिकेतल्या ज्या कंपनीने बनवला, तिचा ‘प्लेटेक्स’ हा ब्रँड बायकांच्या ब्रेसियरसाठी प्रसिद्ध होता. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनीच एकावर एक असे वीसेक थर जोडून तो शिवला. टाका जरा सरकला तर उसवून पुन्हा. चुकून एखादी टाचणी आत राहायला नको म्हणून कपड्याचा एक्स-रे काढायचे. चंद्रावरच्या माणसाचा जीव या बायकांच्या टाक्यावर होता. यावर एक झकास सिनेमा निघू शकेल, नाही का?

आता मापाची गोष्ट. मार्च २०१९ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर पहिल्यांदाच दोन बायका मिळून काम करणार होत्या, अ‍ॅन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कोक. आधीच्या फेरीत मॅक्लेनच्या लक्षात आलं की आपल्याला धडाचा मध्यम मापाचा भाग नीट बसतो. कोकलाही तोच हवा. आणि त्या दिवसापर्यंत वापरायला तयार होता एकच! मॅक्लेनच्या जागी एक पुरुष गेला. दोन बायकांची ती फेरी पुढे १८ ऑक्टोबर २०१९ ला झाली, कोक आणि जेसिका मेयर यांची. १९८४ मध्येच रशियाच्या स्वेतलाना सवित्स्काया यानाबाहेर काम करून आल्या होत्या. त्यानंतर पस्तीस वर्षांनीही, मार्च २०१९ मध्ये, दोघींच्या मापाचे सूट एकाच वेळी तयार नव्हते.

माप चुकलं तर काय होतं? सूट आत हवा भरल्यामुळे टायरच्या ट्यूबसारखा ताठ असतो. प्रत्येक वेळी बोटं मिटताना त्या हवेशी झुंजावं लागतं, त्याने काही अंतराळवीरांची नखंसुद्धा निघाली आहेत. सैल सूटमध्ये हात पुढे पोहोचत नाही, काम दुप्पट होतं. आपली सुनीता विल्यम्स असल्याच सूटमध्ये नऊ वेळा बाहेर गेली आणि बासष्ट तासांहून जास्त काम करून आली. ते कष्ट पडद्यावर दिसायला नकोत का?

कुणी म्हणेल, सिनेमा हा सिनेमा असतो, एवढी चिकित्सा कशाला? काही सवलती मलाही मान्य आहेत. हेल्मेटच्या आत दिवे लावतात, खरं तर त्याने डोळे दिपतील, पण नटीचा चेहरा दिसायला हवा. अंगाला घट्ट बसणाऱ्या सूटवर डेव्हा न्यूमन या शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत संशोधन केलं आहे, तेव्हा ‘द मार्शियन’मधला सुटसुटीत सूट उद्या खराही होईल. पण ती सोय कामासाठी असेल, कंबर दिसावी म्हणून नव्हे.

आणि ही गोष्ट फक्त अंतराळाची नाही. २०२० मध्ये करोनाच्या वॉर्डात आमच्या ओळखीच्या नर्सताई ढगळ पीपीई किटला कंबरेपाशी चिकटपट्टी गुंडाळून उभ्या राहायच्या. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायच्या नाहीत. किट शिवताना कुणाचं माप डोळ्यांसमोर होतं? पडद्यावरची बाई कायम सडपातळ, कायम ताजीतवानी. तिला ना घाम, ना लघवी, ना मापाची अडचण. हेच बघत राहिलो की खऱ्या बाईची अडचण म्हणजे तिचेच नखरे वाटायला लागतात.

चंद्रावर जाण्यासाठी ‘अ‍ॅक्सिअम’ कंपनीने २०२३ मध्ये जो नवा सूट दाखवला, तो जास्तीत जास्त बायका-पुरुषांच्या मापांत बसेल असा बेतल्याचं सांगितलं गेलं. त्याचं बाहेरचं आवरण करायला एका मालिकेची वेशभूषाकार बाई होती. म्हणजे सिनेमावाले आणि शास्त्रज्ञ एकमेकांकडून शिकतात तर! मग पुढच्या वेळी मुलीबरोबर असा सिनेमा बघाल तेव्हा गोष्टीत रमा, टाळ्या वाजवा, पण तिला एक प्रश्नही विचारायला शिकवा: हा सूट शिवताना माप कुणाचं घेतलं? हाच प्रश्न ती उद्या शाळेच्या गणवेशाला विचारेल, नोकरीतल्या हेल्मेटला आणि बुटांना विचारेल. विचारू दे.