पट्टीआडचा गंज

खासगी मोटारीला पंधरा वर्षे झाली की तिची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. बाहेरच्या साजाची आठवण अनेक घरांत याच सुमारास होते. बंपर पांढुरका पडलेला असतो, दारावरची चमकती पट्टी एका टोकाने सुटलेली असते, काचेच्या कडेचे रबर तडकलेले असते. गॅरेजवाला पट्टीवर स्क्रू मारतो, बंपरला काळा रंग फासतो आणि दोन दिवसांत गाडी नवी दिसू लागते. गोदामाचे पन्हळ गळू लागल्यावर कोणताही व्यापारी आधी रंगाऱ्याला बोलावीत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र तोच व्यापारी नेमके हेच करतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने बाहेर पडणारी, पण घरोघरी ‘फियाट’च म्हटली जाणारी गाडी अजून काही कुटुंबांनी जपून ठेवली आहे. धंद्याच्या पहिल्या बऱ्या वर्षात वडिलांनी घेतलेली ती गाडी विकण्यास मुलाचे मन घेत नाही. अशा गाडीचे इंजिन सहसा दगा देत नाही, दिले तरी उघडून बांधता येते. गाडीचा शेवट पत्र्यापासून होतो, आणि पत्र्याचा बहुधा दाराच्या तळापासून.

दाराची काच ज्या फटीतून खाली उतरते, त्या फटीला ओठासारखी रबराची किंवा लवदार पट्टी असते. गॅरेजात तिला बीडिंग म्हणतात. ती नवी असतानाही थोडे पाणी आत झिरपतेच. म्हणून कारखान्यातच दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. उन्हाने बीडिंग कडक होऊन काचेपासून सुटली की पाण्याबरोबर धूळ आणि पालापाचोळाही आत जातो. त्याचा चिखल होतो, छिद्रे बुजतात आणि दार आतून ओले राहू लागते. तळाशी जेथे दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेले असतात, तेथे गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बराचसा गेलेला असतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे सारे अधिक वेगाने घडते.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी धुतल्यावर दार उघडून त्याच्या तळाकडे पाहावे. तेथून पाणी ठिबकत असेल तर छिद्रे मोकळी आहेत. दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल, तर लाकडी काडीने छिद्रे त्याच दिवशी मोकळी करावीत. लोखंडी तारेने रंग खरवडला जातो. बीडिंग पावसाळ्यापूर्वी बदलावी. तिचा खर्च दाराचा तळ कापून नवा पत्रा जोडण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो. रबराला चकाकी यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवण्याची सवय अनेक चालकांना आहे, ती बंद करावी. खनिज तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि अखेर फाटते.

सुटलेल्या पट्टीवर स्क्रू मारणे हा त्याहून वाईट उपाय होय. प्रत्येक स्क्रू पत्र्याला एक नवे उघडे भोक पाडतो. पट्टी ॲल्युमिनियमची आणि स्क्रू लोखंडी असेल, तर ओलाव्यात दोन धातू एकत्र आल्याने झीज वाढते. त्याऐवजी पट्टी लाकडी पाचरीने हळूच उचलून काढावी. मागची माती धुवावी. गंज असल्यास लखलखीत धातू दिसेपर्यंत घासावे, नंतर प्राइमर, त्यावर रंग आणि मग नव्या प्लास्टिकच्या क्लिपा. गंजावर पुट्टी भरू देऊ नये. ती ओल धरून ठेवते आणि वर्षा-दोन वर्षांत मोठा पोपडा होऊन गळून पडते.

चमकत्या भागाला हात लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवावा. तो घट्ट चिकटला तर खाली लोखंड असून वर निकेल व क्रोमचा मुलामा आहे. त्यावर गंजाचे बारीक ठिपके असतील, तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची चुरगळलेली फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावी. ती क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. नंतर कोरडे करून मेण लावावे. मुलामाच सोलपटला असेल तर घासून काही साधत नाही. तो पूर्ण उतरवून नव्याने चढवावा लागतो, आणि क्रोमच्या मुलाम्याचे जुने द्रावण अतिशय विषारी असते. सांडपाणी सरळ गटारात सोडणाऱ्या स्वस्त कारागिराकडे हे काम देऊ नये. तेथे कामगाराच्या फुफ्फुसांचीही किंमत त्या स्वस्ताईत धरलेली असते.

मारुती 800 आणि तिच्या नंतरच्या गाड्यांच्या काळ्या प्लास्टिकचा प्रकार निराळा. उन्हाने त्याचा वरचा थर फुटून भुकटीसारखा होतो, म्हणून ते पांढुरके दिसते. तेल किंवा बुटाचे पॉलिश पहिल्या सरींबरोबर वाहून जाते. गरम हवेच्या यंत्राने शेकले की काळेपणा परततो, पण तोही तात्पुरताच, आणि हात जरा थांबला की प्लास्टिक वाकते. साबणाने स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, प्लास्टिकसाठीचा रंगद्रव्ययुक्त लेप लावणे बरे. साधा रंग द्यायचाच झाला तर आधी प्लास्टिकचा प्राइमर हवा, नाहीतर तो सालीसारखा निघतो. सिलिकॉनचे पॉलिश मात्र रंगकाम व्हायचे असलेल्या भागाजवळ नको. त्याचा अंश राहिला तरी नवा रंग जागोजागी फाटतो.

पद्मिनीचे सुटे भाग मुंबईत चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या दुकानांत शोधावे लागतात. तेथे नव्या नकली पट्टीपेक्षा पोचे पडलेली जुनी अस्सल पट्टी घेणे पुष्कळदा फायद्याचे ठरते, कारण पोचा काढता येतो, पण पातळ मुलामा जाड करता येत नाही. रबर घ्यायला जाताना नुसती लांबी मोजून नेऊ नये. जुन्या बीडिंगचा बोटभर तुकडा कापून खिशात ठेवावा आणि दुकानदारासमोर तो नव्या रबराच्या कापलेल्या तोंडाशी जुळवून पाहावा.