प्रस्ताव सादर करावा

शासन निर्णय नावाचा प्रकार तुम्ही कधी वाचलाय का? जीआर हो. सरकारच्या साईटवर ढिगाने पडलेत, फुकट. मी हल्ली शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचतो (लोक सुडोकू सोडवतात, मी हे... असो). कुठलीही योजना घ्या. रस्ता, पूल, पाणीपुरवठा, बाजार ओटे, काहीही. वर मागास भागाच्या विकासाबद्दल भरपूर कळकळ असते आणि मग खाली कुठेतरी ते वाक्य येतंच. पात्र संस्थांनी विहित नमुन्यात प्रस्ताव सादर करावा.

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. वरची सगळी कळकळ या वाक्याने खोडली जाते. जो भाग खरोखर मागास आहे त्याला विहित नमुन्यात प्रस्ताव सादर करता येत नाही, त्याचं मागास असणं म्हणजे बऱ्याच अंशी तेच! तिथे टाईप करणारा माणूस नाही, नकाशा काढणारा नाही, तालुक्याला चार हेलपाटे घालायला कुणाचा दिवस मोकळा नाही. आणि आपण त्यालाच म्हणतोय, बाबा रे, तू किती मागास आहेस ते जरा नीट फॉरमॅटमध्ये लिहून दे, तीन प्रतींत.

आयटीवाल्यांना हे पटकन कळेल. आमच्या कंपनीत प्रीसेल्स नावाची टीम आहे. ती कोडची एक ओळ लिहीत नाही. एखाद्या क्लायंटचं टेंडर आलं की त्याचं उत्तर तयार करायचं, एवढंच तिचं काम. टेम्प्लेट्स तयार, आकृत्या तयार, जुन्या प्रोजेक्ट्सच्या यशोगाथा तयार. काम कुणाला मिळतं? ज्याची प्रीसेल्स टीम भारी त्याला. धंद्यात ते ठीक आहे. पण ओढ्यावरचा पूल ज्याची प्रीसेल्स टीम भारी त्याला मिळावा, हे कुठलं लॉजिक?

आणि सरकारला हे माहीत नाही असंही नाही. २०१५ साली स्मार्ट सिटीची स्पर्धा लागली तेव्हा निवडलेल्या प्रत्येक शहराला नुसता आराखडा तयार करायला केंद्राने दोन कोटी रुपये दिले. दोन कोटी, प्रस्ताव लिहायला! शहरांनी सल्लागार नेमले, चकाचक सादरीकरणं झाली. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी आली, त्यात पुणे दुसरं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर पेढे तेवढे वाटायचे राहिले होते. सोलापूरही त्या यादीत होतं, नववं, हे मान्य. पण महाराष्ट्राने पाठवलेल्या दहा नावांत अमरावतीही होतं, त्याचा नंबर शेवटपर्यंत लागला नाही. (मुंबईचाही नाही. पण मुंबईचं काय अडलं?) मार्च २०२५ ला ते मिशन संपलं. शहराला प्रस्ताव लिहायला दोन कोटी, आणि खेड्यात एकच ग्रामसेवक दोन-दोन, तीन-तीन गावांचा कारभार सांभाळत मोटारसायकलवर फिरतोय.

आता खेड्याचंच सांगतो. माझे मामा मराठवाड्यात एका छोट्या ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. तालुका सांगत नाही, मामांना तिथेच राहायचंय. गाव आणि तांडा यांच्या मधून ओढा जातो. शाळा गावात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तांड्यावरची पोरं घरी. पाणी उतरेपर्यंत शाळा बंद, म्हणजे शाळा चालू, पण यांची बंद. मागणी काय, तर एक नळकांडी पूल. सिमेंटचे पाईप, त्यावर काँक्रीट, दोन्ही बाजूंनी थोडा भराव. आपल्या हिंजवडीच्या एखाद्या सिग्नलच्या खर्चात बसेल इतकं काम.

त्याची फाईल मी पाहिली. आधी ग्रामसभेचा ठराव. मग पंचायत समिती. मग शाखा अभियंत्याने जागेवर येऊन करायचं अंदाजपत्रक. मग तांत्रिक मान्यता. मग जिल्ह्याच्या यादीत नाव. मग प्रशासकीय मान्यता. आणि मग निधी उपलब्ध असेल तर. पहिल्यांदा फाईल परत आली कारण ठरावावर सूचक आणि अनुमोदक यांची नावं नव्हती. ती घालून पाठवली. चार महिन्यांनी परत आली, भराव ज्याच्या बांधाला लागणार त्या शेतकऱ्याचं संमतीपत्र जोडलेलं नव्हतं. तेही जोडलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा कारण वाचून मी हसलोच. एवढ्या काळात नवीन दरसूची लागू झाली होती! म्हणजे फाईल त्यांच्याकडे पडून राहिल्यामुळे सिमेंटचे भाव जुने झाले, सबब गावाने अंदाजपत्रक नव्याने करून आणावे.

त्या वेळी मामांचा फोन आला.

"आरं, तू इंजिनेर हैस ना?"

"मामा, मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे."

"असू दे की. कागद तर वाचता येतो का न्हाई?"

गेलो. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस बसलो. एक्सेलमध्ये कागदांची यादी केली, मोबाईलवरून ओढ्याचे तारीख आणि ठिकाण उमटलेले फोटो काढले, सगळं टाईप करून, पानांना नंबर घालून, अनुक्रमणिका लावून फाईल दिली. यात इंजिनिअरिंग शून्य. पण फाईल सरकली, तांत्रिक मान्यता झाली. निधीची वाट बघणं चालू आहे.

मामा खुश झाले आणि मला मात्र राग आला. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला अजून एक वाडी आहे. तोच ओढा, तोच पावसाळा, तशीच पोरं. त्या वाडीला पुण्यात भाचा नाही. तिने काय करायचं? तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात एक गृहस्थ बसतात, ते प्रस्ताव "करून देतात". किती घेतात ते मी लिहीत नाही. नाहीतर दुसरा रस्ता ओळखीचा. खेड्यात फिरताना रस्त्याकडेच्या पाटीवर "२५१५ अंतर्गत" असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते लेखाशीर्ष आहे, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामं त्यातून होतात. म्हणजे एक तर प्रस्ताव लिहिता यायला हवा, नाहीतर सुचवणारा माणूस ओळखीचा हवा. दोन्ही नसेल तर पोरांनी पाणी उतरायची वाट बघायची.

राज्यात २००५ साली दप्तर दिरंगाईचा कायदा झाला. शासकीय कर्मचाऱ्याने फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये, असं त्यात लिहिलंय. छान आहे. पण त्रुटी काढून फाईल परत पाठवली की ती अडवलेली राहतच नाही ना! चेंडू गावाच्या कोर्टात. मग एका वेळी एकच त्रुटी काढायची. आमचा कंपायलरसुद्धा इतका दुष्ट नसतो हो, सापडतील तेवढे सगळे एरर एकदम तोंडावर फेकतो.

आता तुम्ही म्हणाल, अर्ज न मागवता पैसे वाटले तर लोक खातील. माझा टीममेट हेच म्हणाला, कँटीनमध्ये, वडापाव खाता खाता. मी त्याला विचारलं, आत्ता खात नाहीत का? आपली सगळी तपासणी काम सुरू व्हायच्या आधी, कागदावर होते. ठराव आहे का, उतारा आहे का, शिक्का आहे का. पूल झाल्यावर जातं ते उपयोगिता प्रमाणपत्र, आणि त्यात लिहिलेलं असतं की पैसे मंजूर कारणासाठी खर्च झाले. दुसऱ्या पावसाळ्यात पूल जागेवर होता का, हे त्या कागदाला ठाऊक नाही. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर अठरा सह्या आणि टेस्टिंग काहीच नाही, असं प्रोजेक्ट आपण कुणी घेऊ का? ती मेहनत उचलून पलीकडे न्या, एवढंच म्हणतोय.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. गावाला काय हवं ते गावानेच सांगायला नको का? हवंच. पण निवडणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांचं अनुदान राज्याराज्यांत वाटलं ते ९० टक्के लोकसंख्येवर आणि १० टक्के क्षेत्रफळावर. गावांच्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, ४० टक्के मोकळे. हिशेब ऑनलाइन टाकायची अट होती, ती योग्यच. गावाने आपला आराखडा करायचा, पण कुणाशी स्पर्धा नाही. अडचण एकच, लहान गावाच्या वाट्याला इतके थोडे येतात की त्यात गटार होतं, पूल होत नाही.

मग पूल कसा होईल? रस्ते जसे झाले तसा. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. निकष काय होता? २००१ च्या जनगणनेत ५०० च्या वर लोकवस्ती आणि बारमाही रस्ता नाही, तर ती वस्ती पात्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात २५० च्या वर. बस्स. पात्र ठरण्यासाठी कुणा सरपंचाला आपली कहाणी रंगवून सांगायची गरज नव्हती. यादी जनगणनेतून निघाली. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्म भरून घेतला नाही, क्वेरी मारली. रस्त्यांच्या दर्जाबद्दल, कंत्राटदारांबद्दल बोलायचं तर खूप बोलता येईल, पण ज्या वस्तीला कुणी विचारत नव्हतं तिथवर डांबर गेलं ते या क्वेरीमुळे.

महाराष्ट्राला तर हे नवीन नाहीच. दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष मोजला तो असाच. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, एकेक क्षेत्र घ्यायचं, राज्याची सरासरी काढायची, जिल्हा किती खाली आहे ते बघायचं. आकडा निघाला सुमारे ३,१८७ कोटी. १९९४ च्या स्थितीवर पुन्हा मोजला तेव्हा तो १४,००० कोटींच्या वर होता (भाव वाढले, निकष बदलले, सरळ तुलना करू नका). त्याच वर्षी विकास मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. केंद्राचा मागास क्षेत्र अनुदान निधीही होता, २००६-०७ पासून, देशातल्या २५० जिल्ह्यांसाठी. त्यात आपले बारा, गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली, यवतमाळ वगैरे. प्रत्येक जिल्ह्याला वर्षाला किमान दहा कोटी ठरलेले, बाकीचे लोकसंख्या आणि क्षेत्रफळावर. शिवाय जिल्ह्यामागे वर्षाला एक कोटी फक्त माणसं शिकवायला, आराखडे करता यावेत म्हणून. त्या योजनेतला सगळ्यात शहाणा रुपया तोच, असं माझं मत. २०१५ मध्ये केंद्राने हात काढून घेतला. राज्यांना करांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के मिळतोय, आता तुमचं तुम्ही बघा, असा एकंदर सूर.

म्हणजे मोजायचं कसं हे ४० वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. शाळा कुठे, वस्ती कुठे, ओढा कुठे, सगळं कुठल्या ना कुठल्या सरकारी डेटाबेसमध्ये आहे. पावसाळ्यात शाळेपासून तुटणाऱ्या वस्त्यांची यादी काढा, ती चावडीवर लावा, आणि वरपासून खालपर्यंत क्रमाने पूल बांधत या. अंदाजपत्रक अभियंत्याने करावं, तो त्याचाच पगार घेतो.

डेटा जुना असतो, हेही खरंच. ग्रामसडकच्या चौथ्या टप्प्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली तीही २०११ च्या जनगणनेवर. आणि ४८० लोकांची वाडी ५०० च्या निकषाखाली राहून जाते. अशा वाडीने जरूर अर्ज करावा. यादीत चुकून राहिलेल्यांसाठी अर्ज असू द्या, एका पानाचा. त्याला मुदत घाला. परत पाठवायचाच तर सगळ्या त्रुटी एकाच कागदावर लिहून पाठवा. आणि दरसूची बदलली तर अंदाजपत्रक सरकारनेच नव्या दराने करून घ्यावं. एक्सेलमध्ये एक कॉलम बदलायचा असतो, मी करून पाहिलंय, चहा गार व्हायच्या आत होतं.