न फेकलेला चेंडू

वाचकहो, आपल्या पत्रांत एक तक्रार वारंवार येते. आई एकदा घसरली, तेव्हापासून ती जिना उतरत नाही. वडिलांनी मंडईत जाणे सोडले आहे. त्यांना धीर कसा द्यावा? या प्रश्नाचे उत्तर मला प्रथम उमगले ते एका सर्वस्वी परक्या खेळात, म्हणून आज थोडे दूरवर जाऊ या.

२०१७ च्या सप्टेंबरात मी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे भाच्याकडे मुक्कामाला होते. तेथील फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती असतो, तो हातात घेऊन धावतात किंवा फेकतात, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर चालून येत असतात. लांब फेकलेला चेंडू आपल्या गड्याने झेलला तर मोठी मजल मारता येते. प्रतिस्पर्ध्याने झेलला तर चेंडूच त्यांच्याकडे जातो.

कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक होता अ‍ॅलेक्स स्मिथ, आणि तो त्याच्या सावधपणासाठी प्रसिद्ध होता. लांबचा गडी मोकळा दिसला तरी तो जवळच्याच गड्याकडे अलगद चेंडू सोपवी. २०१४ च्या साखळीतील सोळा सामन्यांत संघाच्या एकाही लांब धावणाऱ्या झेलकऱ्याला त्याच्या फेकीवर गुण मिळाला नव्हता. भाचा सांगताना कपाळाला हात लावी. तरीही संघ जिंकत असे, कारण स्मिथ चेंडू गमावत नसे.

हा सावधपणा त्याचा स्वभाव होता, असे म्हणून मोकळे होता येत नाही. २००५ मध्ये साऱ्या देशातील नवोदितांत त्याची पहिली निवड झाली होती, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात. वय वीस. त्या वर्षी त्याची एकच फेक गुण देणारी ठरली आणि अकरा फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या. घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलत गेले. एवढे सोसलेला माणूस जवळचाच गडी शोधू लागला, तर त्याला भित्रा कसे म्हणावे? आपल्या घरातील ज्येष्ठांचेही असेच असते. त्यांच्या भीतीमागे एखादी ओली मोरी असते, एखादी रात्र असते, आणि त्यानंतर साऱ्या घराने केलेला गलकाही असतो.

मला मात्र त्या दिवाणखान्यात बसून आठवत होते ते नाना, माझे वडील. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात ते साताऱ्याच्या घरी मोरीत घसरले. हाड मोडले नाही, मुका मार बसला. पण आम्ही भावंडांनी त्यांना जपायचे ठरवले. वर्तमानपत्र आणायला कोपऱ्यावर जाणे बंद. गच्चीचा जिना बंद. पाण्याचा तांब्यासुद्धा, "नाना, तुम्ही बसा, मी आणते." मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वडिलांना उठवून चालवले आणि स्वतःच्या वडिलांना खुर्चीत बसवले. वर्षभरात ते एकदाही पडले नाहीत, याचा आम्हांला अभिमान होता. हातांचा आधार घेतल्याखेरीज त्यांना त्या खुर्चीतून उठता येईनासे झाले होते, हे आम्ही वयाच्या खात्यावर टाकले.

स्मिथचीही गोष्ट तीच होती. प्रतिस्पर्ध्याने झेललेली प्रत्येक फेक सामन्याच्या तक्त्यात नोंदली जाते. मोकळ्या गड्याकडे जी फेक केलीच नाही, तिची नोंद कोठेही होत नाही. नाना पडले ती तारीख घरातील प्रत्येकाला पाठ आहे. ते कोपऱ्यावर गेले नाहीत असे दिवस कोणी मोजले? आणि हे नुकसान काल्पनिक नव्हे. २००७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर विश्रांती दिली, तर त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, घटले. पाय दुबळे झाले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते, आणि भ्यालेला माणूस आणखी बसून राहतो.

७ सप्टेंबर २०१७ ची ती रात्र. सामना गतविजेत्या न्यू इंग्लंडशी, त्यांच्याच मैदानावर. संघात करीम हंट नावाचा नवखा धावपटू होता. व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच चेंडू घेऊन धावला आणि चेंडू त्याच्या हातून निसटून प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. भाचा म्हणाला, "संपलं याचं." पण मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांनी त्याला बाकावर बसवले नाही, पुन्हा पुन्हा चेंडू त्याच्याकडेच जाऊ दिला. सामना संपला तेव्हा हंटच्या नावावर २४६ यार्ड होते. पहिल्याच सामन्यात इतकी मजल त्या साखळीत पूर्वी कोणी मारली नव्हती.

आणि स्मिथ? तो त्या रात्री लांब फेकत होता. टायरीक हिल या चपळ गड्याकडे गेलेल्या एका फेकीवर तब्बल ७५ यार्डांचा टचडाउन झाला. एकूण ३६८ यार्ड, चार टचडाउन, एकही चेंडू गमावला नाही. संघ ४२–२७ ने जिंकला. त्या मोसमात त्याने ४,०४२ यार्डांच्या फेकी केल्या, २६ टचडाउन दिले, केवळ पाच चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, आणि क्वार्टरबॅकच्या गुणांकात तो साऱ्या साखळीत पहिला आला. त्याने सावधपणा टाकून दिला नव्हता. त्या सावधपणाच्या जोडीला लांबची नजर आली होती.

त्याच वर्षीच्या एप्रिलात संघाने पॅट्रिक माहोम्स या तरुण क्वार्टरबॅकला निवडले होते, म्हणजे स्मिथचा वारसदार आधीच दारात उभा होता. त्यामुळेच तो धीट झाला, असे पुष्कळ जण मानतात. तसे असेलही, पण हा मार्ग घरात वापरू नये. "शेजारचे अण्णा बघा, रोज टेकडी चढतात," हे वाक्य ऐकून कोणाच्या गुडघ्यांत बळ आल्याचे मी पाहिलेले नाही. घेण्याजोगे आहे ते दुसरेच. क्वार्टरबॅकने लांब फेकावे असे वाटत असेल, तर आधी त्याच्यापुढे रक्षकांची भक्कम भिंत लागते, लांब धावणारा विश्वासाचा गडी लागतो, आणि पहिली चूक झाल्यावर चेंडू काढून न घेणारा प्रशिक्षक लागतो.

मी परतल्यावर नानांसाठी आधी भिंत उभी केली. मोरीत पकडायला दांडी, रात्रीचा मंद दिवा, झिजलेल्या सपातांऐवजी टाच धरून ठेवणारी पादत्राणे. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवल्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोल जाऊ शकतो, त्यांची मात्रा मात्र आपल्या मनाने बदलू नये. मग सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव, सुरुवातीला पाचच वेळा, मी शेजारी उभी. ओट्याला धरून एका पायावर क्षणभर उभे राहणे. नंतर अंगण, नंतर फाटक. ज्यांना चक्कर येते किंवा अलीकडेच हाड मोडले आहे, त्यांनी हा क्रम तज्ज्ञांना विचारूनच ठरवावा.

धोका उरतोच, हे लपवण्यात अर्थ नाही. स्मिथ पुढे वॉशिंग्टनच्या संघात गेला. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रतिस्पर्ध्यांनी त्याला खाली पाडले, पायाची दोन्ही हाडे मोडली, जखमेत जंतुसंसर्ग झाला. पाय गमावण्याची, जिवावर बेतण्याची वेळ आली. सतरा शस्त्रक्रिया झाल्या. ११ ऑक्टोबर २०२० रोजी तो पुन्हा मैदानात उतरला, तेव्हा पत्नी आणि मुले प्रेक्षकांत बसली होती. त्या दिवशी त्याला प्रतिस्पर्ध्यांनी अनेकदा जमिनीवर लोळवले. त्या आसनावर बसून पाहणे काय असते, हे शुश्रूषा करणाऱ्या आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आमच्या घरीही तो क्षण आला. सहाव्या आठवड्यात नाना वर्तमानपत्र घेऊन परतले आणि शेवटच्या पायरीवर तोल जाऊन खाली बसले. आम्ही तिघे धावलो. भावाने त्यांच्या काखेत हात घातलाही. नाना त्याला म्हणाले, "थांब रे. माझं मला उठू दे." कठड्याला धरून, एक गुडघा टेकून ते उठले. त्यांना कोठे दुखत नव्हते. आत जाऊन त्यांनी चहा मागितला आणि अग्रलेख वाचायला घेतला. रात्री आम्हा भावंडांत वाद झाला. भावाचे म्हणणे होते, उद्यापासून पेपर घरी टाकायला सांगू. सकाळी सात वाजता मी पिशवी आणि सुटे पैसे नानांच्या हातात दिले, आणि ते परत येईपर्यंत फाटकापाशी उभी राहिले.

पुढील अंकात पडल्यावर जमिनीवरून स्वतः कसे उठावे, त्याचा क्रम सांगेन.