विकताना ओल मोजता, बियाणे देताना का नाही?



कापसाची गाडी सरकारी खरेदी केंद्रावर गेली की ग्रेडर आधी ओल मोजतो. ८ टक्क्यांवर गेली की कटती, १२ च्या वर गेली की गाडी परत. ठीक आहे, पाण्याला कापसाचा भाव आम्हीही मागत नाही. पण आम्ही गिऱ्हाईक होतो तेव्हा हा न्याय कुठे जातो?

कडब्याच्या जोडीला द्विदल चारा हवा म्हणून मी पडीक वावरासाठी स्टायलोचे १० किलो बी घेतले. पोते उघडले तर कुबट वास. ओल किती, असे विचारले तर दुकानदार हसला: "चाऱ्याच्या बियाची ओल कोण मोजतो?"

मोजत नाहीत, म्हणूनच फावते! हिशेब करा. १६ टक्के ओलीच्या १० किलोत कोरडा माल ८ किलो ४०० ग्रॅम. तेच बी १० टक्क्यांपर्यंत सुकवले तर भरते ९ किलो ३३३ ग्रॅम. म्हणजे साडेसहाशे ग्रॅमहून जास्त पाणी बियाच्या भावाने आपल्या गळ्यात! वर ओले बी तापते, बुरशी धरते, उगवण मरते. पाऊस वाया, हंगाम वाया. आणि दोष कुणाला? आमच्या पेरणीला!

नियम नाहीत असे नाही. लसूणघासाच्या प्रमाणित बियाला १० टक्के, हवाबंद पिशवीत ७ टक्के ही मर्यादा आहे. यंत्राचीही सबब नको. गव्हासाठी लावलेले यंत्र बारीक बियाला खरा आकडा देत नाही. पिकागणिक माप लावावे लागते. वाद झाला तर प्रयोगशाळेची भट्टी आहे: बी तोला, १०३ अंशांवर १७ तास सुकवा, पुन्हा तोला. घटलेल्या वजनाला मूळ वजनाने भागा, १०० ने गुणा. झाली ओल.

घरीही पाहा. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे बी, चिमूटभर कोरडे मीठ. हलवा, पाव तास थांबा. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर समजा. नाही चिकटले तरी बी साठवण्याजोगे झाले, असे मात्र धरू नका.

मागणी साधी आहे. पोत्यावर ओलीचा आकडा छापा, तो आमच्यासमोर मोजून दाखवा, आणि जास्त भरली तर आमच्यासारखीच कटती सोसा.

मोजमाप एकच हवे. आमच्या मालाला काटा आणि तुमच्या मालाला विश्वास, हे आता चालणार नाही!